दर वर्षी चित्रं सुरू होतात आणि दर वर्षी बंद पडतात, तर आधी काय तपासायचं

ही तक्रार मी इतक्यांदा ऐकलीय की आता समोरच्याचं वाक्य मीच पूर्ण करतो. शाळेत-कॉलेजात छान काढायचो, मग नोकरी, लग्न, पोरं, घरातलं आजारपण, काहीतरी झालं आणि सुटलं, आता परत सुरू करायचं म्हणून हौसेने बसलो, चारपाच चित्रं झाली, सगळीच्या सगळी घाण झाली, मग पॅड कपाटात, आणि पुढच्या पावसात परत पहिल्यापासून तेच. शेवटी ठरलेलं वाक्य, "हात गेला रे माझा." फोंड्याच्या माझ्या मावसभावापासून पणजीत बँकेतून रिटायर झालेल्या ओळखीच्या काकांपर्यंत सगळे हेच सांगतात आणि प्रत्येकाला वाटतं की हे फक्त आपल्यालाच झालंय.

माझं म्हणणं एवढंच की हात सगळ्यात शेवटी तपासा. आधी कागद, मग रंग आणि ब्रश, मग टेबल, मग चष्मा. हो, चष्मा, त्यावर खाली येतोच. कारण बऱ्याचदा काय होतं की ब्रेकमध्ये सामान बिघडतं, बिघडलेल्या सामानावर चित्र बिघडतं, चित्र बिघडलं की माणूस स्वतःला नावं ठेवून परत ब्रेक घेतो, आणि त्या ब्रेकमध्ये उरलेलं सामानही जातं. मग दर वर्षी तेच होणार, दुसरं काय होणार?

आणि गोव्यात हे जरा जास्तच. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागदावर बुरशी धरायला लागते आणि जुलैत आपल्याकडे ती सहज ८५ च्या वर असते. त्यात गंमत अशी की आपण परत सुरू करतो तेही पावसातच, कारण बाहेरची कामं बंद असतात, फिरणं बंद, किंवा चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, सुट्टीत मखराचं रंगकाम करताना ब्रश हातात येतो आणि हुरूप येतो. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट हवेत, गेल्या पावसात भिजट झालेला कागद घेऊन आपण स्वतःची परीक्षा घ्यायला बसतो.

कागदावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण बहुतेक भांडण तिथेच आहे, निदान वॉटरकलरवाल्यांचं तरी. वॉटरकलर पेपरला बनवतानाच साइझिंग केलेलं असतं, म्हणजे जिलेटिन किंवा तसलंच दुसरं काहीतरी, ज्यामुळे पाणी लगेच आत शिरत नाही आणि रंग थोडा वेळ वर राहतो, तेवढ्या वेळात तुम्ही त्याला हलवता, पसरवता, काठ मऊ करता. दमट हवेत वर्षानुवर्षं पडून हे साइझिंग मरतं. वरून बघून कळत नाही हो, पेपर पांढराच असतो, जाड असतो, हाताला छान लागतो. पण त्यावर वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर, टाकला की तो टीपकागदासारखा रंग पिऊन टाकतो, मध्येच गडद ठिपके उठतात, कडा दातेरी होतात, आणि एकदा लागलेला रंग उचलायला गेलात तर पेपरचेच गोळे निघतात. आता पंधरा वर्षांनी ब्रश धरलेल्या माणसाने हे बघितलं की त्याला काय वाटणार? हात गेला.

टेस्ट सोपी आहे. पेपरच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब सोडा आणि बघत बसा. पेपर जिवंत असेल तर थेंब फुगून वर बसतो, पॅड तिरपा केला तर घरंगळतो, आणि मग सावकाश आत जातो. मेलेल्या पेपरवर थेंब पडला रे पडला की सपाट. मग दुसरी टेस्ट, अल्ट्रामरीन निळ्याचा एक पातळ सपाट वॉश, पोस्टकार्डाएवढा. ठिपके उठले तर निकाल लागला. पण एक लक्षात घ्या, स्वस्तातला पातळ पेपर नवा असतानाही असाच वागतो, म्हणून शक्य असेल तर ३०० जीएसएमची (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, जास्त म्हणजे जाड) एक नवी शीट आणा (कॉटनची परवडली तर उत्तम), अख्खा पॅड नको, एकच शीट, तिचे आठ तुकडे करा, आणि तेच चित्र, तोच ब्रश, तेच रंग, फक्त पेपर वेगळा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लोक काय करतात, वैतागून दुकानात जातात आणि पेपर, रंग, ब्रश सगळं नवं घेऊन येतात, मग चित्र बरं झालं तरी कशामुळे झालं कळत नाही आणि वाईट झालं तर पाच हजार रुपये गेले ते गेले, वर परत आपलाच हात वाईट.

मावसभाऊ मला म्हणाला होता, "अरे पण हा इंपोर्टेड पेपर आहे, महाग म्हणून मी जपून ठेवलेला." जपून ठेवलेला, तेच तर! साध्या पॅडवर सराव करायचा आणि चांगला पेपर 'चांगल्या चित्रासाठी' ठेवायचा ही सवय मुंबई-पुण्यात कदाचित चालत असेल, आपल्याकडे चांगला पेपर आधी वापरायचा, आणि लवकर. दहा वर्षं जपलेल्या महागड्या पेपरपेक्षा कालचा मध्यम प्रतीचा पेपर बरा.

मेलेला पेपर टाकून द्यायची गरज नाही, फक्त त्याच्याकडून वॉटरकलरची अपेक्षा ठेवू नका. पेन्सिल, चारकोल, पेस्टल चालतं, वर ॲक्रिलिक जेसोचा, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचा, एक हात मारला तर ॲक्रिलिक रंगही मस्त बसतात. मात्र बुरशीचे काळे-हिरवे डाग आणि कुबट वास असेल तर तो पेपर घरात झटकू नका, तोंडाला मास्क लावून बाहेर न्या, आणि खरं सांगू का, फेकाच. बाकीच्या चांगल्या पेपरला लागण होते. नुसते तपकिरी बारीक ठिपके असतील तर ते दिसायला वाईट पण स्केचिंगला काही अडत नाही.

याच्याशी मिळतीजुळती अजून एक भानगड आहे जिच्यात पेपरची चूक नसते. पावसात वॉश वाळतच नाही. जानेवारीत थोड्या वेळात वाळणारा थर जुलैत कितीतरी वेळ ओला राहतो, आणि तुमच्या हाताला मात्र जुना अंदाज लक्षात असतो, त्यामुळे तुम्ही ठरल्या वेळी दुसरा रंग लावता आणि आकाशात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग फुटतात. उपाय म्हणजे हाताच्या मागच्या बाजूने पेपरला हलकेच स्पर्श करायचा, थंड लागला तर आत अजून पाणी आहे, वरची चमक गेली असली तरी. थांबा किंवा हेअर ड्रायर घ्या. नाहीतर उलट करा, पावसात ओल्यावर ओलं असंच काम करा, ढग, धुकं, पलीकडच्या तीरावरची माडांची अंधूक रांग, मांडवीचं मातकट पाणी. या हवेत ते आपोआप होतं आणि उन्हाळ्यात जिवापाड प्रयत्न करून होत नाही.

आता रंग. वॉटरकलरची ट्यूब सुकली म्हणून फेकणाऱ्या लोकांवर माझा खरंच राग आहे. तो रंग डिंकात घोटलेला असतो, पाणी घातलं की परत सुटतो. ट्यूब ब्लेडने उभी कापा, आतला खडा रिकाम्या पॅनमध्ये किंवा बाटलीच्या झाकणात ठेवा, वर पाण्याचे थेंब टाकून रात्रभर राहू द्या. फार कडक असेल तर ग्लिसरीनचा एक थेंब, एकच, कारण आपल्या हवेत ग्लिसरीन जास्त झालं की रंग सुकतच नाही, चिकट राहतो. मध घालून बनवलेले जे रंग मिळतात त्यांचंही पावसात हेच होतं, प्लास्टिकच्या डब्याचं झाकण त्यालाच चिकटून बसतं. आणि काम झाल्यावर ओली पॅलेट बंद करून ठेवू नका, पंख्याखाली उघडी सुकवा आणि मगच झाका, नाहीतर पुढच्या रविवारी त्यावर पांढरं केसाळ काहीतरी उगवलेलं असतं.

ॲक्रिलिकचं उलटं. ते एकदा ट्यूबमध्ये कडक झालं की संपलं, त्याचं प्लास्टिक झालेलं असतं, पाण्याने, गरम पाण्याने, कशानेच परत येत नाही. रबरासारखं झालं असेल तरी वेळ घालवू नका. मऊ आहे पण सडक्या अंड्यासारखा वास येतोय तर तोही फेका, आत जिवाणू वाढलेत. ऑइलच्या ट्यूबा मात्र चिवट असतात, टोपण अडकलं असेल तर पिळू नका, ट्यूब फाटते, टोपण गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि मग पकडीने. वर तेल सुटलेलं दिसलं तर पॅलेट नाइफने (रंग मिसळायच्या बोथट सुरीने) काचेवर घोटून घ्या, चालतं. जुनं टर्पेंटाइन मात्र बघून घ्या, ते पिवळट आणि चिकट झालं असेल तर त्यात रंग पातळ केलेला थर चिकचिकत राहतो आणि तुम्ही म्हणता रंगच खराब. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, ही ऐकीव भीती नाहीये. पसरून बाहेर वाळत घाला किंवा पाण्याच्या डब्यात टाका.

ब्रशचं थोडक्यात सांगतो. टोक वाकलेला सिंथेटिक ब्रश गरम पाण्यात क्षणभर बुडवून बोटांनी सरळ करता येतो. ॲक्रिलिक सुकलेला ब्रश स्पिरिटमध्ये भिजत घाला, कोरोनातलं सॅनिटायझर कपाटात पडलं असेल तर त्यानेही बऱ्यापैकी सुटतं. प्राण्यांच्या केसांच्या ब्रशला आपल्याकडे कसर लागते, मध्येच केस तुटल्यासारखे दिसले तर तेच समजा, त्या ब्रशला टोक येणार नाही आणि त्याने बारीक रेघ जमणार नाही, कितीही सराव करा. डांबरगोळ्या कसरीसाठी ठीक, बुरशीसाठी त्यांचा काही उपयोग नाही, हे कागदवाल्यांनीही लक्षात घ्यावं.

कॅनव्हास सैल पडलाय अशीही तक्रार येते. फ्रेमच्या कोपऱ्यातल्या लाकडी पाचरी हलकेच ठोकून घ्या, किंवा मागून पाण्याचा बारीक फवारा मारून सावलीत ठेवा, कॉटन ताणलं जातं. बस.

इथपर्यंत केलंत आणि चित्र सुधारलं, तर मग पुढचं वाचायची गरज नाही, जा आणि काढा. नाही सुधारलं तर टेबल बघू.

मी ज्यांना ज्यांना बघितलं त्यातल्या जवळजवळ कोणाकडेच चित्रासाठी स्वतंत्र जागा नाही. जेवणाच्या टेबलावर बसायचं, म्हणजे आधी टेबल रिकामं करा, पेपर अंथरा, पाणी आणा, रंग काढा, आणि जरा रंगात आलं की आतून आवाज, "अगो, जेवायला कधी बसूया? ताटं कुठे मांडू?" मग सगळं उचला. मांडण्यात आणि आवरण्यातच सगळी उमेद जाते, आणि आपण समजतो की आपल्यात पहिल्यासारखा उत्साह राहिला नाही. उत्साह आहे हो, तो टेबल पुसण्यात खर्च होतोय. माझी वहिनी, म्हापशाला असते, तिने शेवटी बाल्कांवातल्या (घरापुढच्या पडवीतल्या) सोप्यावर, म्हणजे बसायच्या कट्ट्यावर, एक पाट ठेवला, पाटावर पोस्टकार्डाएवढ्या कापलेल्या पेपरची गड्डी, सहा रंगांची छोटी पॅलेट, एक ब्रश आणि एक बाटली. झाकायला एक मोठी टोपली. टोपली उचलली की चित्र सुरू, टोपली ठेवली की बंद. तिचं सगळं कुटुंब दिवसातून दहादा त्या सोप्याजवळून जातं-येतं आणि कोणाला काही अडचण नाही. तुमच्याकडे फ्लॅट असेल तर खिडकीतला कट्टा घ्या, ड्रॉवर घ्या, काहीही घ्या, पण मांडून ठेवलेलं पाहिजे. वाटलं की दोन मिनिटांच्या आत ब्रश ओला झाला पाहिजे, हा माझा निकष.

उजेडाचं राहिलं. पावसात दुपारी चारलाच घरात अंधारतं आणि आपण पिवळा बल्ब लावून रंग मिसळतो, त्या बल्बखाली पिवळा रंग जवळजवळ दिसत नाही म्हणून आपण जास्त घालतो, सकाळी बघितलं तर सगळं काविळ झालेलं. ५००० ते ६५०० केल्व्हिनचा पांढरा एलईडी लावा, खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर लिहिलेला असेल तर अजून चांगलं.

आता चष्मा. हे कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. तिशीत सोडलेलं चित्र तुम्ही पन्नाशीत परत हातात घेताय. मधल्या काळात डोळ्यांना जवळचा नंबर आलाय. वाचायचा चष्मा साधारण ४० सेंटीमीटरवर फोकस करतो आणि ईझलवरचा (चित्राच्या स्टँडवरचा) पेपर तुमच्यापासून ६०-७० सेंटीमीटरवर असतो, म्हणजे चष्मा लावला तरी अंधूक आणि काढला तरी अंधूक. मग आपण नकळत पुढे वाकतो, नाक पेपरला टेकवून खांदा न हलवता नुसत्या बोटांनी रेघा ओढतो, आणि रेघ आखडते. बँकवाल्या काकांचं नेमकं हेच होतं. ते म्हणायचे माझी लाइन मेली, आधी कशी एका झटक्यात यायची. चष्म्याच्या दुकानात जाऊन ईझलचं अंतर टेपने मोजून सांगितलं, त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेतला, आणि लाइन बऱ्यापैकी परत आली. त्यांना मोतीबिंदूही सुरू झालेला, त्यात डोळ्यातली भिंग पिवळट होत जाते आणि निळे रंग मळकट दिसायला लागतात, तेव्हा साठीच्या पुढे असाल आणि तुमची आकाशं लोकांना जास्तच निळी वाटत असतील तर रंगकामाच्या क्लासआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

एवढं सगळं झाल्यावर आता हात. तो गंजतो, नाही असं नाही. पण त्याच्यापेक्षा मोठी गडबड अशी की ब्रेकमध्ये हात थांबलेला असतो आणि डोळा थांबलेला नसतो. इतक्या वर्षांत तुम्ही प्रदर्शनं बघितलीत, मोबाईलवर दिवसाला शंभर चित्रं बघताय, दिवाळी अंकांवरची दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं लहानपणापासून डोक्यात बसलीत (मडगावचे हो ते, आपलेच). म्हणजे काय चांगलं हे आता तुम्हाला आधीपेक्षा जास्त कळतं, आणि हात मात्र सोडला होता तिथेच किंवा दोन पावलं मागे. म्हणून कॉलेजात ज्या चित्रावर खूश झाला असतात त्याच दर्जाचं चित्र आज तुम्हाला भिकार वाटतं. खात्री करायची तर जुनी फाइल काढा, पण त्यातलं बक्षीस मिळालेलं चित्र बघू नका, मधली साधी, अर्धवट, मास्तरांनी शेरा मारलेली चित्रं बघा. बहुतेकांना तिथे धक्का बसतो, अरे आपण तेव्हाही असंच काढत होतो की!

हाताची टेस्ट अशी करा. घरातला तांब्या घ्या, टेबलावर ठेवा, एकाच बैठकीत तो पाच-सहा वेळा काढा, पेनने, खोडरबर नाही, रंग नाही, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. मग पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवा. शेवटचा बरा असेल तर नुसता गंज आहे, रोज थोडं काढत राहिलात की निघेल, डोक्याला ताप नको. सगळे सारखेच वाकडे आले, आणि वाकडेही एकाच बाजूला, तर हात ठीक आहे, तुम्ही तांब्याकडे बघत नाही आहात, आठवणीतला तांब्या काढताय. मग वस्तू उलटी ठेवा, अर्धी झाका, तिच्याभोवतीची रिकामी जागा काढा, म्हणजे डोळ्याला बघावंच लागतं. तोंडाची लंबगोल कड हा तर तांब्याचा खरा पेपर आहे, तिथे सगळे नापास होतात, मीही रोज होतो.

आणि आकार लहान करा. परत सुरू करणारा माणूस का कोण जाणे नेहमी मोठ्या शीटवरच तुटून पडतो, त्यात विषय कुळागर (माडा-पोफळीची बाग) किंवा पावसातलं भात, म्हणजे हिरव्यात हिरवं त्यात अजून हिरवं, जे रोज काढणाऱ्यालाही झेपत नाही. पोस्टकार्ड घ्या. वासुदेव गायतोंडे बघा, घराणं गोव्यातलं, जन्म १९२४ चा नागपूरचा, आणि केवढाले कॅनव्हास करणारा माणूस, पण १९८४ मध्ये अपघात झाल्यावर मोठी कामं जमेनात तेव्हा ते कागदावरच्या छोट्या कामांकडे वळले. त्यांना कमीपणा वाटला नाही तर आपण कोण लागून गेलो?

रंगही कमी करा. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन, बास. दोन्ही मिसळले की पावसाळी आभाळाचा करडा रंग मिळतो, सिएना जास्त झाला की चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत, निळा जास्त झाला की डोंगर, आणि पांढरा म्हणजे कोरा पेपर. आपल्या जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवर कावी काम असतं ना, पांढऱ्या चुन्यावर लाल मातीच्या रंगाचा थर देऊन तो कोरून काढलेला, तिथे तर एकच रंग असतो आणि तरी वेल, पक्षी, देव सगळं उभं राहतं. एक दिवस नुसतं तसंच करून बघा, एकच तांबडा, बाकी कोरं. हिरवा हवाच असेल तर ट्यूबमधला तयार हिरवा तसाच नको, त्यात थोडा सिएना घालून त्याचा माज उतरवा.

चित्रं सोशल मीडियावर पोस्ट करू नका, असंही मी सांगतो, आणि लोकांना ते आवडत नाही. निदान पहिले दोन-तीन महिने तरी. चित्र काढतानाच डोक्यात फोटो कसा येईल हे सुरू होतं आणि मग वाईट चित्र काढायची सोय राहत नाही, आणि परत येताना वाईट चित्रं भरपूर काढावी लागतात.

काहीजण असतात ज्यांचा कागद चांगला, टेबल मांडलेलं, चष्मा नवा, सराव होतोय, चित्रं ठीकठाक होतायत, आणि तरी बसवत नाही. त्यांना मी विचारतो की तू नेमकं काय सोडलं होतंस? पुष्कळदा असं निघतं की आधी ऑइलमध्ये पोर्ट्रेट करायचा म्हणून आता परत तेच करायला बसलाय, खरं तर त्याला आता पोर्ट्रेटमध्ये काडीचा रस नाही. माणूस बदलला तर विषय बदलणार. लिनोकट (लिनोलियम कोरून केलेली छपाई) करा, मातीकाम करा, चवथीला घरचा गणपती स्वतः रंगवा. किंवा ज्या काळात चित्र सुटलं तो काळच दुःखाचा होता आणि टर्पेंटाइनचा वास आला की तेच सगळं आठवतं, मग माध्यम बदला, ॲक्रिलिकला तो वास नाही. आणि यातलं काहीच नको वाटत असेल तर नका काढू, कोणी जबरदस्ती केलेली नाही. कपाटातला पेपर तेवढा शेजारच्या पोरांना देऊन टाका, मरायच्या आधी. म्हणजे पेपर मरायच्या आधी.

आता पुढच्या वर्षी हेच परत होऊ नये म्हणून सामान कसं ठेवायचं ते. पेपर पॅक करायची वेळ जानेवारी-फेब्रुवारी, हवा त्यातल्या त्यात कोरडी असते तेव्हा. मे महिन्याच्या शेवटी ढग बघून घाईघाईत प्लास्टिकमध्ये बांधलात तर ओल आतच बंद करताय, बुरशीला आयती सोय. हवाबंद डबा किंवा चेनवाली जाड पिशवी, आत सिलिका जेलच्या मूठभर पुड्या, औषधांच्या बाटलीतली एक चिमुकली पुडी पुरत नाही. रंग बदलणारी सिलिका मिळते, नारिंगीची हिरवट झाली की ओव्हनमध्ये १२० डिग्रीच्या आसपास दोनेक तास तापवून परत वापरता येते. निळ्याची गुलाबी होणारी मात्र स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको, तिच्यात कोबाल्ट असतं. डबा माळ्यावर कौलांखाली ठेवू नका आणि बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला टेकलेल्या कपाटातही नको, ती भिंत पावसात आतून घाम फोडते. मधल्या भिंतीचं कपाट, वरचा कप्पा. ॲक्रिलिकची तयार चित्रं एकावर एक रचताना मध्ये बटर पेपर घाला, नाहीतर दमट गरमीत ती एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना दोन्ही जातात.

दुकानातून पेपर घेतानाही ऑगस्टमध्ये जरा बघून घ्या, सील केलेलाच पॅक मागा, सुटी शीट घ्यायची असेल तर गठ्ठ्याच्या मधली काढून घ्या आणि वास घ्या. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.